‘हॅलो’मागची घरघर

वीज गेली, सगळी गल्ली काळोखात बुडाली, तरी टेलिफोनची घंटी मात्र वाजायची. ती कुणाच्या जिवावर? बंगळूरच्या बनशंकरीपासून बेळगावजवळच्या कित्तूरपर्यंत, लोखंडी रॅकमध्ये बसलेल्या पॉवर सप्लायची आणि तळहाताएवढ्या पंख्यांची ही गोष्ट...

बंगळूरच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्यावर बनशंकरी अम्माचं देऊळ आहे. राहुकाळ सुरू झाला की इथं बायकांची झुंबड उडते. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळून टाकायचा, साल उलटी करून तिची वाटी करायची, त्यात तेल-वात घालून दिवा लावायचा, अशी इथली रीत. कर्नाटकातच बदामीजवळ असलेली मूळ बनशंकरी ही कित्येक मराठी घरांची कुलदेवता. त्यामुळे नोकरीधंद्यासाठी बंगळूरला स्थायिक झालेली मराठी कुटुंबं बदामीला जाणं जमलं नाही तर या देवळात येऊन ओटी भरून जातात.

देवीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या मोठ्या वस्तीत रात्रंदिवस मिणमिणणारे दुसरेही दिवे आहेत. ते बघायला कुणी जात नाही. दूरध्वनी केंद्रातल्या, मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या खोलीतल्या, इमारतीच्या जिन्याखालच्या पेटीतल्या यंत्रांचे हे हिरवे-तांबडे ठिपके. लिंबाच्या पणतीसारखंच यांचंही असतं. तेल संपलं की पणती विझते आणि पॉवर सप्लाय थकला की हे दिवे. फरक इतकाच, की पणतीतलं तेल संपत आलेलं डोळ्यांना दिसतं.

चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही आठवत असेल. पावसाळ्यातली रात्र, वीज गायब, मेणबत्तीची शोधाशोध आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या तिपाईवरचा फोन खणखणतो. पलीकडून आत्या विचारते, ‘तुमच्याकडेही गेलीय का?’ घरात वीज नसताना फोन कसा चालतो, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही. फोनला वीज लागतच नाही, असंच अनेकांना वाटायचं.

लागायची, पण ती घरातली नसायची. केंद्रातून निघालेल्या तांब्याच्या त्याच दोन तारांवरून बोलणं यायचं आणि वीजही यायची. रिसीव्हर उचलला की एक वर्तुळ पुरं व्हायचं आणि केंद्रातल्या बॅटरीतून जेमतेम काही शतांश अँपिअर प्रवाह घरापर्यंत येऊन परत जायचा. फोनचं एवढ्यावर भागायचं. घंटी वाजवण्यासाठी मात्र केंद्राला त्याच तारांवर पाऊणशे व्होल्टच्या आसपासचा वेगळा प्रवाह पाठवावा लागे. म्हणजे घरातल्या फोनची काळजी घरातल्यांनी करायचीच नव्हती. ती दूर कुठंतरी, ‘धूम्रपान करू नये’ अशी पाटी लावलेल्या खोलीत दुसराच कुणी करत होता.

उणे अठ्ठेचाळीस

ही खोली बाहेरून पाहिली तर कपाटांचं दुकान वाटावं. एकाशेजारी एक लोखंडी रॅक उभे. रॅकच्या तोंडाची रुंदी जगभर ठरलेली आहे, एकोणीस इंच. उंची पावणेदोन इंचांच्या पटीत मोजायची. कुठल्याही देशातलं, कुठल्याही कंपनीचं यंत्र आणा, चार स्क्रू पिळले की ते रॅकमध्ये बसतं.

या सगळ्यांचं अन्न एकच, ४८ व्होल्टची एकदिश वीज. आणि तीही उणे ४८! नवख्या माणसाला हे कोडंच वाटतं. पण त्यामागे जुन्या लोकांचा अनुभव आहे. टेलिफोनच्या तारा वर्षानुवर्षं ओल्या मातीत पुरलेल्या असतात. बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलं आणि तारेवर ऋण भार ठेवला, तर ओलाव्यामुळे तांबं झिजण्याचं प्रमाण खूप कमी होतं. उलटं केलं तर तार आतल्या आत खाल्ली जाते. अठ्ठेचाळीसच का? तर एवढा दाब तारेतून लांबवर पोहोचायला पुरतो आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा सहसा जीवघेणा धक्का बसत नाही.

अर्थात, दाब कमी म्हणून धोका नाही, असं समजणारा माणूस या खोलीत फार दिवस टिकत नाही. दाब कमी असला तरी प्रवाह शेकडो अँपिअर असतो. तांब्याच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये पाना पडला तर ठिणग्यांचा पाऊस पडून तो पाना तिथंच वितळतो. म्हणून कामाला हात घालण्याआधी बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवायचं, पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळायची, हा पहिल्या दिवशीचा धडा.

रस्त्यावरून येणारी २३० व्होल्टची वीज रेक्टिफायरमध्ये शिरते आणि सुमारे ५४ व्होल्टची एकदिश होऊन बाहेर पडते. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल एका माळेत जोडलेले असतात. ही माळ कायम भरलेली राहावी म्हणून ते वरचे सहा व्होल्ट. गंमत अशी, की वीज गेल्यावर बॅटरी ‘चालू’ करावी लागतच नाही. ती सदैव जोडलेलीच असते. बाहेरचा पुरवठा थांबला की त्याच क्षणी तिच्यातून वीज वाहू लागते. बोलणाऱ्याला खुट्टसुद्धा ऐकू येत नाही. मग डिझेल जनरेटर सुरू होतो आणि बॅटरीला उसंत मिळते.

पूर्वी या बॅटऱ्या उघड्या आम्लाच्या असत. त्यांची खोली वेगळी, तिला आंबूस उग्र वास. ठरल्या दिवशी प्रत्येक सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता बघायची, नोंदवहीत लिहायची. कंटाळवाणं काम, पण त्या निमित्तानं प्रत्येक सेलकडे कुणीतरी निरखून पाहायचं. नंतर बंद डब्यातल्या, पाणी घालावं न लागणाऱ्या बॅटऱ्या आल्या आणि त्यांच्यासोबत ‘मेंटेनन्स-फ्री’ हा शब्दही आला. या एका शब्दानं जेवढ्या बॅटऱ्या मारल्या, तेवढ्या उन्हाळ्यानंही मारल्या नसतील. पाणी घालू नका, एवढाच त्याचा अर्थ. जोडणीचे नट सैल झालेत का, एखाद्या सेलचं पोट फुगलंय का, प्रत्यक्ष भार टाकल्यावर बॅटरी किती तास टिकते, हे बघू नका असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

पाच भावांचं एकत्र कुटुंब

रेक्टिफायर कधी एकटा नसतो. चारांची गरज असेल तर पाच बसवतात. एकत्र कुटुंबात एक भाऊ आजारी पडला तर बाकीचे त्याचं काम उचलतात, तसंच. पाचवा बंद पडला तरी फोन चालूच राहतात.

आणि खरी मेख इथंच आहे. कुणाचीच तक्रार येत नाही. पेटीवर एक तांबडा ठिपका लागतो आणि तो बघणारं कुणी नसलं तर महिनोन्‌महिने तसाच राहतो. पाचाचे चार झालेत, हे कळतं ते चाराचे तीन होतात त्या दिवशी.

असा दिवस किती महाग पडतो, हे न्यूयॉर्कनं १७ सप्टेंबर १९९१ रोजी पाहिलं. मॅनहॅटनमध्ये थॉमस स्ट्रीटवर ए.टी. अँड टी. कंपनीची एक उंचच उंच, बिनखिडक्यांची इमारत होती. आत लांब पल्ल्याच्या टेलिफोनची यंत्रं. त्या दिवशी उकाडा फार, शहरात विजेची मागणी वाढलेली. म्हणून वीज कंपनीशी झालेल्या करारानुसार केंद्रानं स्वतःचे जनरेटर सुरू केले. या अदलाबदलीत रेक्टिफायर बंद पडले आणि सगळा भार बॅटऱ्यांवर आला. आता धोक्याची सूचना मिळायला हवी होती. पण काही घंटा वाजल्याच नाहीत आणि जे दिवे लागले, ते कुणी पाहिले नाहीत. त्या मजल्यांवर लक्ष ठेवणारे कर्मचारी प्रशिक्षणाच्या वर्गाला गेले होते. वर्गाचा विषय होता, धोक्याची सूचना देणारी नवी यंत्रणा!

बॅटऱ्यांनी बिचाऱ्यांनी सुमारे सहा तास तग धरला. दुपारी पाचच्या सुमाराला त्या संपल्या आणि न्यूयॉर्कचे दूरच्या गावांशी असलेले फोन तुटले. विमानतळांवरच्या नियंत्रकांचं बोलणंही याच केंद्रातून जात होतं. केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क हे तिन्ही विमानतळ ठप्प झाले. शेकडो उड्डाणं रद्द झाली, हजारो माणसं अडकली. त्या सहा तासांत एखाद्यानं त्या मजल्यावरून नुसती फेरी मारली असती तरी हे टळलं असतं.

श्वास घेणारं यंत्र

अन्न झालं, आता श्वास. रॅकमध्ये जेवढी वीज शिरते, तिचा जवळजवळ सगळा भाग शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. गच्च भरलेला रॅक म्हणजे बंद कपाटात लावून ठेवलेले एक-दोन हीटर. ही उष्णता ओढून बाहेर टाकायचं काम लहान चौकोनी पंखे करतात. साऱ्या यंत्रात हलणारा भाग बहुधा हा एवढाच. जे हलतं ते झिजतं, म्हणून हे पंखेच आधी जातात.

पंखा जाण्याचीही एक रीत असते. आधी आवाज बदलतो. नुसत्या ‘सूं’मध्ये बारीक किरकिर मिसळते. बेअरिंगचं वंगण सुकत चालल्याची ही खूण. कान तयार असलेला तंत्रज्ञ दारातूनच सांगतो, डावीकडच्या दुसऱ्या रॅकमधला एक जण आजारी आहे. नव्या पंख्यांना एक जादा तार असते, ती फेऱ्या मोजून यंत्राला कळवते. फेऱ्या कमी झाल्या की सूचना जाते. पण जाळीला धूळ चिकटली असली तर? पंखा जोमानं फिरत असतो, फेऱ्या पूर्ण असतात आणि हवा मात्र आत येत नसते. त्याची सूचना ती तार देत नाही. म्हणून जाळी काढायची, धुवायची, पूर्ण वाळवायची आणि मगच बसवायची. ओली जाळी बसवली तर धुळीचा चिखल होतो. दाबाच्या हवेनं पंखा साफ करताना पातं बोटानं धरून ठेवायचं. नाहीतर ते भलत्याच वेगानं भिरभिरतं आणि चांगलं बेअरिंग कामातून जातं.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. रॅकमधलं एखादं कार्ड काढून नेलं तर रिकाम्या जागेवर पत्र्याचं झाकण लावायला हवं. ती फट उघडी राहिली तर मागची गरम हवा त्यातून पुन्हा पुढं येते आणि पंखे तीच ती हवा घुसळत बसतात. ओळीतला एक पंखा बंद पडला तरी तेच. बाकीच्यांनी ढकललेली हवा त्या मेलेल्या पंख्याच्या भोकातून उलटी फिरते. पालींना तर ही ऊबदार जागा फारच आवडते. पॉवर सप्लायच्या दोन टोकांमध्ये पाल अडकून दोघंही गेल्याची उदाहरणं या धंद्यात नवी नाहीत.

उष्णतेचा मार सर्वात आधी पॉवर सप्लायला बसतो. त्यात कॅपॅसिटर नावाच्या बुटक्या, नळकांड्यासारख्या डब्या असतात. त्यांत एक द्राव भरलेला असतो आणि तो हळूहळू सुकत जातो. साधा हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी कमी झालं तर या डबीचं आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना दोन हजार तास, म्हणजे जेमतेम तीन महिने टिकणारी डबी घ्या. ६५ अंशांना ती साडेतीन वर्षं टिकेल आणि ४५ अंशांना साडेचौदा वर्षं. मधल्या वीस अंशांचा फरक कुणी पाडला? चार-दोनशे रुपयांच्या पंख्यानं. डबीचं वरचं सपाट टोक फुगलेलं दिसलं की समजावं, तिची घटका भरत आली.

या कामातली मुरलेली माणसं वीज जाण्याला फारशी घाबरत नाहीत. ती घाबरतात वीज परत येण्याला. वर्षानुवर्षं अखंड फिरणारा पंखा सुकलेल्या बेअरिंगवरही फिरत राहतो, पण एकदा थांबला, गार झाला, की पुन्हा सुरू होण्याचं बळ त्याच्यात उरत नाही. पॉवर सप्लायचंही तसंच. म्हणून जुन्या केंद्रात सगळं एकदम बंद करायची वेळ आली तर आधी सुटे पंखे आणि जादा पॉवर सप्लाय टेबलावर काढून ठेवतात आणि मगच खटक्याला हात लावतात.

थंड शहर, विरळ हवा

बंगळूर म्हणजे थंड हवेचं शहर, तिथं यंत्रांना काय त्रास, असं वाटणं साहजिक आहे. पण हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंचावर आहे. इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण नऊ-दहा टक्के विरळ. पंखा तेवढ्याच फेऱ्या मारतो, पण प्रत्येक फेरीत वाहून नेलेली उष्णता थोडी कमी भरते. शिवाय पूर्वीचा गारवा आता गृहीत धरता येत नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी बंगळूरचा पारा ३९.२ अंशांवर गेला होता. थंड म्हणवणाऱ्या लंडनलाही १९ जुलै २०२२ रोजी असाच झटका बसला. इंग्लंडमध्ये पारा प्रथमच चाळिशीपार गेला आणि गूगल व ओरॅकल या बड्या कंपन्यांच्या तिथल्या यंत्रांच्या खोल्यांमधली शीतयंत्रणा कोलमडली, काही यंत्रं बंद ठेवावी लागली.

मग सोपा उपाय कोणता? खोलीत एअर कंडिशनर लावणं. १९८०च्या आसपास परदेशी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज घ्यायचं तर त्याच्यासोबत थंडगार खोलीही लागायची. शहरात हे जमे. पण ज्या खेड्यात दिवसाचे चार तास वीज, तिथं एअर कंडिशनर कशावर चालवणार? म्हणजे खेड्याला फोनच नको!

ऑगस्ट १९८४मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेनं ही अट मान्य केली नाही. सॅम पित्रोदा आणि जी. बी. मीमांसी यांची नावं या संस्थेशी कायमची जोडली गेली आहेत. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, एवढीच मुदत आणि एवढाच पैसा. दिल्ली आणि बंगळूर इथं तरुण अभियंत्यांचे गट कामाला लागले. त्यांनी प्रश्नच उलटा मांडला. गार कसं करायचं यापेक्षा, मुळात तापेलच कमी असं यंत्र कसं बनवायचं? कमी वीज खाणारे भाग निवडायचे आणि धूळ, उकाडा, विजेची चढ-उतार गृहीत धरूनच मांडणी करायची.

त्यांचं १२८ जोडण्यांचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६मध्ये प्रथम सुरू झालं ते कित्तूरला. बेळगावहून धारवाडला जाताना वाटेत लागणारं, राणी चन्नम्माचं हे गाव. यंत्राला एअर कंडिशनरची गरज नव्हती. पुढं देशभरातल्या हजारो खेड्यांत ही एक्स्चेंजं बसली आणि पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ गावोगाव दिसू लागले. त्याचं श्रेय संगणकाच्या आज्ञावल्यांना दिलं जातं, ते योग्यच. पण एअर कंडिशनर वगळण्याच्या निर्णयाला त्यातला निम्मा वाटा द्यायला हरकत नाही.

आता पाळी घराची

ही सगळी उठाठेव केंद्रातली. घरातल्या माणसानं त्यात का पडावं? कारण चित्र बदललंय. तांब्याच्या तारा जाऊन ठिकठिकाणी काचेचे धागे आले आहेत. काचेतून प्रकाश येतो, बोलणं येतं, सिनेमा येतो, पण वीज येत नाही. केंद्रातली बॅटरी कितीही दणकट असली तरी तिचा आधार आता घरातल्या फोनपर्यंत पोहोचत नाही. भिंतीवरची पांढरी पेटी आणि तिच्याजवळचा राउटर घरच्या विजेवर चालतात. वीज गेली की फोनही गेला.

मोबाइल आहे की, असं कुणी म्हणेल. पण टॉवरलाही बॅटरी असते आणि तीही संपते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांतली वीज तोडावी लागली आणि नेमकं घरच्यांना ‘मी सुखरूप आहे’ एवढं कळवायच्या वेळी असंख्य मोबाइल मुके झाले. मुलं बंगळूरला किंवा परदेशात आणि म्हातारे आई-वडील गावच्या घरी, अशी ज्यांची विभागणी झालीय, त्यांना हा प्रश्न अधिक जवळचा वाटेल.

म्हणजे केंद्रातल्या तंत्रज्ञाची ड्यूटी आता थोडीशी आपल्याकडे आली आहे. ती अवघड नाही. बहुतेक राउटरना १२ व्होल्ट लागतात. तेवढ्याचीच छोटी बॅटरी-पेटी बाजारात मिळते. ती मध्ये जोडली तर वीज गेल्यावरही काही तास काम भागतं. मात्र राउटरसोबत भिंतीवरच्या पेटीलाही तिच्यातूनच वीज द्यायला हवी. एकीला दिली आणि दुसरीला नाही, तर उपयोग शून्य. अ‍ॅडॅप्टर बदलायची वेळ आली तर व्होल्टचा आकडा तोच हवा, पिनेची धन-ऋण बाजू तीच हवी. अँपिअर तेवढेच किंवा थोडे जास्त चालतील, कमी नकोत. वापरता वापरता इंटरनेट उगाचच तुटत असेल आणि पेटी हाताला फार गरम लागत असेल, तर कंपनीला शिव्या देण्याआधी अ‍ॅडॅप्टर बदलून बघावा.

सगळं ठीक आहे ना, हे तपासायला एखाद्या रविवारी सकाळी घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करावा आणि फोन उचलून बघावा. आवाज आला तर उत्तम. नाही आला तर तो रविवारीच कळलेला बरा, पावसाळ्यातल्या रात्री बाराला नव्हे.

राहता राहिली जागा. या यंत्रांमध्ये पंखा नसतो, कित्तूरच्या एक्स्चेंजसारखीच ती आजूबाजूच्या हवेच्या भरवशावर असतात. तरी आपल्याकडे राउटर शोकेसच्या काचेआड, टीव्हीच्या मागे किंवा देवघरावरच्या फळीत सारलेला असतो. आणि ज्या घरात एकेकाळी टेलिफोनवर क्रोशाचा विणलेला रुमाल असायचा, तिथं तोच रुमाल आता राउटरवर येऊन बसलाय. तो काढायचा. आणि राउटरच्या खालीही अंथरायचा नाही. कारण हवा आत घेणारी भोकं बहुतेक वेळा खालच्याच बाजूला असतात.